पहिल्या फेरीत लाल, दुसऱ्या फेरीत हिरवी: लहरी टेस्टचा माग कसा काढायचा

तक्रार अशी. नाइटली, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टची रोज आपोआप होणारी फेरी, पहाटे ५ ला सुटते (त्याआधी डेटाबेस ताजा करायचा जॉब असतो, म्हणून इतक्या उशिरा). २१२ परिदृश्यं (एक परिदृश्य म्हणजे एक टेस्ट) चार वर्करवर, म्हणजे एकाच वेळी चार रांगांत, पळतात आणि ६:३० च्या सुमारास संपतात. पहिल्या फेरीत तीन-चार लाल, म्हणजे नापास. काल लाल होत्या त्या आज हिरव्या, आज पडल्या त्या कालपर्यंत धडधाकट. क्युकंबर (ही परिदृश्यं चालवणारं साधन) पडलेल्यांची यादी रिरनच्या फाइलीत लिहून ठेवतो, ती यादी शेवटी पुन्हा चालते, सगळं पास होतं आणि ९:३० च्या स्टँडअपला बिल्ड हिरवा. कुणी विचारलंच तर उत्तर तयार: "अरे, ती फ्लेकी आहे. सोड." फ्लेकी म्हणजे लहरी: कोड तोच, तरी टेस्ट कधी पास, कधी नापास.

मीही बराच काळ हेच उत्तर देत होतो. आमचं सॉफ्टवेअर घाऊक बाजारातल्या आडत्यांसाठी आहे. फुलं-भाजीची आवक, काटा, लिलाव आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद. "लहरी" म्हणून आम्ही सोडून दिलेल्या टेस्टपैकी एक पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. तिच्यापर्यंत येतोच, पण तिथवर पोचायचा रस्ता बाकीच्या लहरींमधून जातो. तुमच्याकडेही बहुधा जाईल.

आधी हिशेब

समजा २०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट विनाकारण पडण्याची शक्यता फक्त अर्धा टक्का आहे. सगळ्याच्या सगळ्या हिरव्या येण्याची शक्यता किती? ०.९९५ चा २०० वा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के. कोडमध्ये एकही चूक नसताना तीनपैकी जवळजवळ दोन रात्री बिल्ड लाल. म्हणजे हा छळ फक्त आपल्याच टीमच्या वाट्याला आलाय असं समजायचं कारण नाही. गूगलने २०१६ मध्ये आपल्याकडचे आकडे जाहीर केले होते: टेस्टच्या सगळ्या फेऱ्यांपैकी सुमारे दीड टक्का निकाल लहरी, जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा, आणि हिरव्यावरून लाल होण्याच्या प्रसंगांपैकी ८४ टक्क्यांत लहरी टेस्टचा हात.

हे वाचून रिरन लावायचा मोह होतो. हिशेब त्याचाही करून बघा. एखादा खरा बग दहातून एकदा दिसतो. रिरन नसेल तर तो दहा रात्रींत एकदा तुमच्यासमोर येईल. एक रिरन लावलात की टेस्ट दोन्ही वेळा पडायला हवी, म्हणजे शंभरातून एकदा. दोन लावलेत की हजारातून एकदा. बग जिथल्या तिथेच आहे, फक्त तो दिसायला आता तीन वर्षं लागतील. रिरन लावायचाच असेल तर निदान "दुसऱ्या फेरीत पास" हा निकाल वेगळ्या रंगात दाखवा. आमच्याकडे तो हिरव्यातच मिसळला होता, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

कोडला हात लावण्यापूर्वी

पडलेल्या टेस्टचा पुरावा रिरनच्या आधी बाजूला ठेवला जातोय ना, हे पहिलं बघा. टेस्ट आपोआप चालवणाऱ्या बऱ्याच पाइपलाइनमध्ये दुसऱ्या फेरीचा रिपोर्ट पहिल्या फेरीच्या रिपोर्टवर लिहिला जातो. म्हणजे पंचनाम्याच्या आधीच जागा धुऊन टाकल्यासारखं. पडण्याच्या क्षणीचा स्क्रीनशॉट, पानाचं एचटीएमएल, ब्राउझर कन्सोल आणि त्याच सेकंदांतला सर्व्हरचा लॉग, एवढं तरी हवं. प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवून बघणारं साधन) वापरत असाल तर ट्रेस, म्हणजे टेस्टच्या पावलापावलाची नोंद, फक्त पडलेल्या टेस्टसाठी चालू ठेवता येतो, जागा फार खात नाही.

मग एक साधं कोष्टक. एक्सेल पुरे. प्रत्येक पडझडीची एक ओळ: टेस्टचं नाव, कुठल्या मशिनवर, कुठल्या वर्करवर, तिच्या आधी त्या वर्करवर कुठली टेस्ट होती, त्याच वेळी शेजारच्या वर्करवर काय चाललं होतं, घड्याळात किती वाजले होते. पास झालेल्या रात्रींच्या ओळीही भरा. नुसत्या लाल ओळी बघून काही कळत नाही. दोन आठवडे भरलंत की बहुतेक टेस्ट आपण होऊन गटांत पडतात. एकाच मशिनवर पडणारी, ठरावीक शेजारी असताना पडणारी, मशिनवर भार असताना पडणारी.

आणखी एक प्रश्न विचारायचा राहतो: हे कधीपासून? "पहिल्यापासूनच" असं उत्तर सगळे देतात. जेनकिन्सचा (टेस्टच्या फेऱ्या लावून देणारं साधन) इतिहास उघडून बघा, बहुतेकदा एक तारीख सापडते.

वाट बघण्यातले घोळ

सर्वांत मोठा गट हाच. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचीच्या प्रकल्पांतल्या लहरी टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या होत्या, त्यांतही सुमारे ४५ टक्के प्रकरणं न थांबण्याची किंवा चुकीच्या गोष्टीसाठी थांबण्याची निघाली.

सेलेनियम (हेही ब्राउझर चालवणारं साधन) २००४ मध्ये आलं तेव्हा बहुतेक पानं सर्व्हरवरूनच भरून यायची. आता पान "आलं" तरी आतून रिकामं असतं, आणि टेस्टला ते कळायला मार्ग नसतो. मग कुणीतरी तीन सेकंदांचं स्लीप, म्हणजे नुसतं बसून राहायची आज्ञा, घालतं. मशिन मोकळं असतं तेव्हा ते तीन सेकंद फुकट जातात, मशिनवर ताण असतो तेव्हा ते पुरत नाहीत. २१२ परिदृश्यांत प्रत्येकी चार स्लीप धरले तर बसून राहण्याचाच वेळ ४० मिनिटांच्या वर जातो.

स्लीप काढून "स्पिनर (काम चालू असल्याचं फिरतं चक्र) जाईपर्यंत थांब" लिहिणारे शहाणे लोकही एका जागी हमखास फसतात. आमच्याकडे काट्याच्या पानावर "जतन करा" दाबलं की साधारण पाऊण सेकंदाने स्पिनर यायचा. टेस्ट बटण दाबून लगेच विचारायची: स्पिनर आहे का? नाही. मग गेला असणार, चला पुढे. स्पिनर अजून यायचाच होता! स्क्रीनशॉटमध्ये तो ऐटीत फिरताना दिसायचा आणि लॉगमध्ये "स्पिनर गेला" अशी नोंद. थांबायचं असेल तर ज्या गोष्टीसाठी वापरकर्ता थांबतो तिच्यासाठी थांबा: यादीत नवी ओळ आली, एकूण वजन बदललं, पट्टीचा क्रमांक दिसला.

सेलेनियममध्ये इम्प्लिसिट (प्रत्येक घटक शोधताना आपोआप लागू होणारा) आणि एक्स्प्लिसिट (एका ठरावीक अटीसाठी लिहिलेला) वेट एकत्र वापरू नका. सेलेनियमच्याच कागदपत्रांत इशारा आहे की पहिला १० आणि दुसरा १५ सेकंदांचा ठेवला तर टेस्ट २० सेकंदांनी टाइमआउट होऊ शकते. आमच्या जुन्या फ्रेमवर्कमध्ये बेस क्लासच्या तळाशी कुणीतरी इम्प्लिसिट वेट घालून ठेवला होता. तो काढल्यावर पहिल्या रात्री नवीन १९ टेस्ट पडल्या. त्या त्याच्याच टेकूवर उभ्या होत्या. घाबरू नका, एकेक करून लागतात मार्गी.

प्लेराइटवाले म्हणतील आमच्याकडे ऑटो-वेट आहे. आहे, क्लिक करण्यापुरता. पण घटक दिसतोय का हे विचारणारी इझव्हिजिबल ही पद्धत थांबत नाही, त्या क्षणीचं खरं-खोटं सांगून मोकळी होते. एक्स्पेक्ट लावून केलेली तपासणी मात्र पुन्हा पुन्हा बघते, मुळात ५ सेकंद. आणि एखाद्या ओळीत अवेट (हे पुरं होईपर्यंत थांब) लिहायचं राहून गेलं असेल तर टेस्ट त्या ओळीसाठी न थांबताच पुढे पळते. लिंटरला (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं साधन) याचा नियम लावून द्या, डोळ्यांनी ते सापडत नाही.

हा गट ओळखायची सोपी खूण: मशिन मुद्दाम हळू करा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सीपीयू चार-सहा पट मंद करता येतो, डॉकरला (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) अर्धाच कोअर देता येतो. त्या हालतीत टेस्ट दर वेळी पडू लागली की ती लहरी राहिली नाही, आता ती साधी पडणारी टेस्ट आहे आणि तिला दुरुस्त करणं सोपं आहे.

एकच खातं, चार वर्कर

एकटी चालवली तर पन्नास वेळा हिरवी, घोळक्यात चालवली की लाल. इथे डेटा बघा. आमच्या अर्ध्या परिदृश्यांत एकच आडत्या लॉगिन करायचा. एक वर्कर त्याच्या नावावर दिवसाची उलाढाल तपासतोय, तेवढ्यात दुसऱ्याने त्याच नावावर ४० पेट्या मोगरा विकला. बेरीज जुळणार कशी? प्रत्येक परिदृश्याने आपला आडत्या, आपला शेतकरी, आपला माल एपीआयने, म्हणजे स्क्रीन टाळून थेट सर्व्हरला सांगून, स्वतः तयार करावा आणि त्यावरच चालावं. ब्राउझरमधून फॉर्म भरत डेटा तयार करत बसू नका. तो फॉर्म तपासायला वेगळं परिदृश्य आहे, ते एकदा चालतं, पुरे.

शेवटी साफसफाई करणाऱ्या कोडवर माझा विश्वास नाही. टेस्ट मध्येच पडली की साफसफाई अर्धवट राहते आणि तिचं खापर पुढच्या टेस्टवर फुटतं. दर वेळी नवं नाव घेऊन सुरुवात करा, जुनं रात्रीच्या डेटाबेस जॉबमध्ये जाईल.

चालण्याच्या क्रमावर अवलंबून असलेल्या टेस्टही याच घरातल्या. जावा ७ आल्यावर जेयुनिटवाल्यांना (जेयुनिट म्हणजे जावाच्या टेस्ट चालवणारं साधन) हा धडा सक्तीने मिळाला होता: रिफ्लेक्शनमधून (कोडला त्याच्यातल्याच पद्धतींची यादी विचारायची सोय) पद्धती ठरावीक क्रमाने येईनात आणि वर्षानुवर्षं पास होणाऱ्या टेस्ट पडू लागल्या. त्यामुळे क्रम रोज मुद्दाम विस्कटा आणि विस्कटताना वापरलेला सीड (ज्या आकड्यावरून तो क्रम ठरतो तो) लॉगमध्ये छापा. सीड नसेल तर तो क्रम पुन्हा कधीच मिळणार नाही. क्रम हाताशी असला की यादी अर्धी-अर्धी करत गेलं की सात-आठ फेऱ्यांत दोषी शेजारी सापडतो.

किरकोळ, पण दिवस खाणारे

"माझ्या लॅपटॉपवर चालतं" यात दोन कारणं वारंवार भेटली. पहिलं, हेडलेस (पडद्यावर न दिसता चालणाऱ्या) क्रोमला खिडकीचा आकार सांगितलेला नव्हता. जुन्या हेडलेसमध्ये तो ८०० बाय ६०० धरला जातो, तेवढ्या रुंदीत आमचा मेनू मिटून तीन रेघांच्या बटणात जायचा आणि टेस्ट "घटकावर क्लिक करता येत नाही" म्हणून रडायची. दुसरं, डॉकरमध्ये शेअर्ड मेमरी मुळात ६४ एमबीच मिळते. जड पानावर क्रोमचा टॅब त्यात कोसळतो, आणि एररमध्ये मेमरीचा उल्लेखही नसतो. कंटेनरला १-२ जीबी द्या, प्रश्न मिटतो.

घड्याळ

आता ती टेस्ट. परिदृश्य साधं: पट्टी काढा, "आजच्या पट्ट्या" उघडा, ती पट्टी यादीत असली पाहिजे. साधारण तीन रात्रींत एकदा पडायची. स्क्रीनशॉटमध्ये रिकामी यादी. यादी यायला उशीर होत असेल असं ठरवून मी स्वतः वेट १० सेकंदांवरून ३० वर नेला होता. परिणाम एवढाच की ती वीस सेकंद उशिरा पडू लागली. रिव्ह्यूमध्ये कुणी हरकत घेतली नाही.

कोष्टकात मशिन, वर्कर, शेजारी, कशाचंच सूत्र लागेना. मग तिच्या ओळी वेळेनुसार लावल्या:

५:०७ लाल
५:१४ लाल
५:२१ लाल
५:२९ लाल
५:३३ हिरवी
५:४८ हिरवी
६:०२ हिरवी
६:१९ हिरवी

५:२९ लाल आणि ५:३३ हिरवी. भारतात बसून काम करणाऱ्या माणसाला साडेपाच या आकड्याशी आणखी काही सांगायला लागत नाही. आपलं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. पहाटे ५:३० होईपर्यंत यूटीसीत कालचीच तारीख असते.

झालं होतं असं. सर्व्हर आधी ऑफिसातल्या मशिनवर होता, ते आयएसटीवर लावलेलं होतं. मग तो कंटेनरमध्ये गेला, आणि कंटेनरचं घड्याळ कुणी वेगळं सांगितलं नाही तर यूटीसी. पट्टीची तारीख सर्व्हर लावायचा, "आज" म्हणजे कुठला दिवस हे ब्राउझर सांगायचा. पहाटे सव्वापाचला काढलेली पट्टी डेटाबेसात कालच्या तारखेने बसायची आणि आजची यादी रिकामी. क्रम विस्कटलेला असल्याने परिदृश्य कधी साडेपाचच्या आत यायचं, कधी नंतर. दीड तासातला पहिला अर्धा तास, म्हणून तीनात एकदा. आणि रिरन सगळ्यात शेवटी, ६:३० ला. तो कसा पडणार? दिवसा मी हाताने चालवून बघायचो, तेव्हाही शक्य नव्हतं. रिरनने बरोबर तेवढाच पुरावा पुसला जो हवा होता. जेनकिन्समध्ये मागे जाऊन पाहिलं तर ही टेस्ट पहिल्यांदा पडली ती कंटेनरवर गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

फुलबाजार पहाटेच भरतो हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. छापील पट्टीवर तारीख ब्राउझरकडून यायची, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातातला कागद बरोबर होता. सॉफ्टवेअर तेव्हा दोनच गाळ्यांवर चाचणीसाठी दिलेलं. तिथून सपोर्टला फोन येत होते, "सकाळच्या पट्ट्या दिसत नाहीत." सपोर्टच्या दादांनी उपायही शोधला होता: दोन दिवसांची यादी लावून बघा. चुकीचं नव्हतं, दिसायच्या.

डेव्हलपरने लगेच सुचवलं की कंटेनरचा टाइमझोन बदलून टाकू, एका ओळीचं काम आहे. मी विरोध केला. ती ओळ पुढच्या सर्व्हरवर कुणीतरी विसरणार, आणि तेव्हा रिरन पुन्हा आम्हाला झोपवणार. घटना घडल्याचा क्षण यूटीसीतच ठेवा, पण पट्टीची तारीख हा व्यवहाराचा भाग आहे. ती एशिया-कोलकाता या टाइमझोनने सर्व्हरच्या कोडमध्येच ठरवा, मशिन कुठलंही असो. आणि कोडने वेळ थेट सिस्टिमला न विचारता क्लॉक ऑब्जेक्टकडून घ्यावी (जावा ८ पासून तो आयता आहे), म्हणजे टेस्टला हवं ते घड्याळ देता येतं. ब्राउझरचं घड्याळही सोबत बांधा, प्लेराइटमध्ये त्याची सोय आहे. एकच घड्याळ बदललंत तर नवा गोंधळ तुम्हीच तयार कराल.

घड्याळ हातात आल्यावर मी परिदृश्य दिवसाच्या सर्वांत वाईट वेळेला नेऊन ठेवलं. गर्किनला, म्हणजे क्युकंबरची परिदृश्यं ज्या भाषेत लिहितात तिला, मराठी कळते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमच्या टीममध्ये चेन्नईचे दोघं असल्याने फाइल इंग्रजीत राहिली, पण गाळ्यावरच्या लोकांना दाखवायला मी मराठीत लिहून नेलं होतं:

परिदृश्य: पहाटे काढलेली पट्टी त्याच दिवसाची असते
जर घड्याळात १ एप्रिल, पहाटेचे ४:४० झाले आहेत
जेव्हा आडत्या ३ पेट्या झेंडूची पट्टी काढतो
मग "आजच्या पट्ट्या" यादीत ती पट्टी दिसते
आणि पट्टीचा क्रमांक नव्या आर्थिक वर्षाच्या मालिकेतला असतो

शेवटची ओळ माझी नाही. गाळ्यावर हिशेब लिहिणारे काका ती वाचता वाचता म्हणाले, "तारीख कालची म्हणजे १ एप्रिलला नंबर पण जुन्या वर्षातलाच पडला असता की." हे आमच्या स्वीकृती निकषांत कुठेच नव्हतं. नवीन कोडवर पहिल्यांदा चालवलं तेव्हा वरच्या ओळी पास झाल्या आणि तीच पडली. क्रमांक देणारा कोड अजून सिस्टिमलाच वेळ विचारत होता.

दुरुस्त झाली हे कशावरून?

"चार वेळा चालवली, पास झाली" हे मी आता ऐकून घेत नाही. शंभरात पाच वेळा पडणारी टेस्टसुद्धा सलग चार वेळा पास होण्याची शक्यता ८१ टक्के असते. शंभरात एकदा पडणारी असेल तर ती गेली असं थोड्या खात्रीने म्हणायला सलग ३०० फेऱ्या हिरव्या लागतात. तेव्हाही निव्वळ नशिबाने हिरवी दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास उरतेच. एकच परिदृश्य ३०० वेळा, शुक्रवारी संध्याकाळी लावून द्यायचं. शक्यतो मंद केलेल्या मशिनवर.

तोवर त्या टेस्टचं काय? मुख्य पाइपलाइनमधून काढून वेगळ्या जॉबमध्ये ठेवा, तिकिटावर कुणाचं तरी नाव आणि तारीख टाका. आमच्याकडे त्या जॉबमध्ये एका वेळी फक्त सहा टेस्ट राहू शकतात. सातवी आली की आधी आतली एक दुरुस्त करायची, नाहीतर काढून टाकायची. काढून टाकलेल्या टेस्टबद्दल अजून तरी कुणी तक्रार केलेली नाही.

रिरन आम्ही अजून बंद केलेला नाही, रिलीजच्या आठवड्यात तेवढी हिंमत होत नाही. पण दुसऱ्या फेरीत पास झालेल्या टेस्ट आता रिपोर्टमध्ये पिवळ्या दिसतात, आणि प्रत्येकीपुढे ती पहिल्यांदा किती वाजता पडली ती वेळ छापलेली असते. आज सकाळी दोन पिवळ्या होत्या. एक टोस्टच्या (क्षणभर झळकणाऱ्या सूचनेच्या) मागे लपलेलं बटण. दुसरीची वेळ ६:०० च्या आगेमागेच दिसतेय, चौथ्यांदा. ६ ला त्या मशिनवर कुठला जॉब सुटतो ते उद्या बघणार आहे.